बायकांचे दुखणे, दोघांचे औषध

आमच्या लहानपणी घरातल्या प्रत्येक आजाराला नाव असे. आजोबांचा दमा, काकांचा संधिवात, धाकट्या भावंडांच्या कांजिण्या, ही नावे ओटीवर बसून मोठ्याने घेतली जात. एका दुखण्याला मात्र नाव नव्हते. त्याला नुसते ‘बायकांचे दुखणे’ म्हणत, आणि तेही माजघरात, आवाज उतरवून. माझी एक मावशी लग्नानंतर वर्षभरातच ओटीपोट धरून बसू लागली. शेक झाले, काढे झाले, सोळा सोमवार झाले, कुलस्वामिनीला नवस झाला. दुखणे कधी ओसरले, कधी उसळले. मूल मात्र झाले नाही. पुढे ‘वांझ’ हा एकच शब्द तिला जन्मभर पुरला. तिच्या यजमानांना या प्रकरणी कोणी एक प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

हे आज आठवण्याचे कारण असे. काही दिवसांपूर्वी नात्यातल्या एका सुनेबरोबर मी इथल्या एका सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गेले होते. पुढील हकीकत तिच्या परवानगीनेच लिहीत आहे. आठवडाभर तिच्या ओटीपोटात दुखत होते, कणकण होती, अंगावरून पांढरे जात होते. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड नेऊन तपासले, लघवीची चाचणी करून दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून घेतली आणि एक पिवळे पाकीट तिच्या हातात दिले. मग शेजारच्या टेबलावरच्या समुपदेशक बाईंनी विचारले, “पति साथ आए हैं?” नवरा बाहेर स्कूटरवर बसला होता. “उन्हें अंदर बुलाइए. दवा उनकी भी है.” सून बाहेर गेली आणि एकटीच परत आली. “मला काय झालंय?” असे तो म्हणाला म्हणे.

पिवळे पाकीट आत आणि नवरा बाहेर, या दोहोंमध्ये जे दहा पावलांचे अंतर आहे त्याविषयी मला आज लिहायचे आहे. कारण या रोगावरचा उपचार यशस्वी होतो की फुकट जातो, हे पुष्कळदा त्या दहा पावलांवरच ठरते.

प्रथम रोगाविषयी. डॉक्टर त्याला ‘पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज’ म्हणतात. आपण त्याला ओटीपोटातील जननेंद्रियांचा दाह म्हणू. योनिमार्गातून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून जंतू वर चढतात आणि गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजकोश यांना सूज आणतात. बीजवाहिनी ही फार नाजूक वस्तू आहे. तिचा आतला मार्ग काही जागी सुईच्या नेढ्याइतका अरुंद असतो, आणि त्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस स्त्रीबीजाला हलके हलके गर्भाशयाकडे नेत असतात. सूज उतरली तरी तेथे व्रण राहतात, ते केस झडतात, नळी चिकटते. पूर्ण बंद झाली तर मूल होत नाही. अर्धवट बंद झाली तर गर्भ नळीतच अडकून वाढू लागतो. मग नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि स्त्रीच्या जिवावर बेतते. याशिवाय पुष्कळ जणींना ओटीपोटाची कायमची ठसठस लागते ती वेगळीच.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. हे दुखणे पुष्कळदा येतेही मुंगीच्याच पावलांनी. थोडे दुखते, दोन पाळ्यांच्या मध्ये थोडा रक्तस्राव होतो, संबंधाच्या वेळी वेदना होते. आणि अनेकींना तर काहीच जाणवत नाही. जंतूंपैकी परम्याचे जंतू आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. क्लॅमिडिया हे नाव मात्र आपल्याकडच्या सुशिक्षितांनाही नवे वाटते. हा जंतू स्त्रीच्या आणि पुरुषाच्याही शरीरात काही लक्षण न दाखविता महिनोन् महिने दडून राहू शकतो. ‘मला काय झालंय?’ असे म्हणणारा पुरुष खोटे बोलत असतोच असे नाही. त्याला खरोखरच काही होत नसते, आणि तरीही रोग त्याच्याकडे असू शकतो.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. हा दाह दरवेळी संभोगातूनच आलेल्या जंतूंमुळे होतो असे नाही. योनिमार्गात एरवी वास करणारे जंतूही वर चढतात. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा तांबी बसविल्यावर पहिल्या काही आठवड्यांतही हे घडू शकते. कित्येक रुग्णांत तर नेमका कोणता जंतू हे शेवटपर्यंत सापडत नाही. म्हणून हे दुखणे दिसले की कोणाच्या तरी चारित्र्याचा पंचनामा करावा, याला काही आधार नाही. पंचनाम्याच्या भीतीनेच बाई गप्प बसते आणि नवरा बाहेर थांबतो.

गप्प बसण्याची किंमत किती, याचा हिशेब स्वीडनमधील लुंड येथे फार चिकाटीने केला गेला. 1960 ते 1984 या काळात तेथील रुग्णालयात या दुखण्यासाठी आलेल्या स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. 1992 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाह एकदा झालेल्यांपैकी 8 टक्के स्त्रियांना नळ्या बिघडल्यामुळे वंध्यत्व आले. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण 19.5 टक्के, आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत 40 टक्के निघाले. प्रत्येक फेऱ्यागणिक नुकसान दुपटीहून अधिक वाढले. त्याच स्त्रियांविषयीची दुसरी पाहणी 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. दुखू लागल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार मिळालेल्यांपैकी 8.3 टक्के स्त्रियांना पुढे वंध्यत्व किंवा नळीतला गर्भ यांना तोंड द्यावे लागले; उशिरा आलेल्यांत तेच प्रमाण 19.7 टक्के होते. तीन दिवस! आपल्या घरांतून तीन दिवस तर ‘होईल बरे’ म्हणण्यातच जातात.

आता उपचाराकडे वळू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नाको’, 1992 साली स्थापन झाली. लैंगिक रोगांच्या सरकारी दवाखान्यांचे जाळे तिच्याच कार्यक्रमात येते. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांतून चालणारी ही ‘सुरक्षा क्लिनिके’ मोफत आहेत. त्यांची पद्धत लक्षणांवरून उपचार करण्याची. सात रंगांची सात पाकिटे ठरविण्यात आली. सहावे पाकीट पिवळे, ते ओटीपोटाच्या दुखण्याचे. हे पाकीट ज्या स्वरूपात आले त्यात सेफिक्झिमची 400 मिलिग्रॅमची एकच मात्रा, आणि मेट्रोनिडाझोल व डॉक्सिसायक्लीन या गोळ्या दिवसातून दोनदा, चौदा दिवस, अशी योजना होती. एक औषध परम्यावर, एक क्लॅमिडियावर आणि एक बाकीच्या जंतूंवर. नवऱ्यासाठी पहिले, करड्या रंगाचे पाकीट. त्यातल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या.

रंग पाहून औषध देणे ही गरिबांची बोळवण आहे, असे काही सुशिक्षित म्हणतात. तो आरोप या रोगापुरता खरा नाही. हा दाह निश्चित ठरवील अशी एकही साधी चाचणी जगात नाही. डॉक्टर बोटांनी तपासतात, गर्भाशयाचे तोंड हलविल्यावर दुखते काय ते पाहतात, आणि संशय आला की उपचार सुरू करतात. ब्रिटनमधील दवाखाने याहून संपन्न आहेत, परंतु तेथेही प्रयोगशाळेच्या उत्तरासाठी औषध अडवून ठेवीत नाहीत. नमुने घेतात आणि त्याच दिवशी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन देऊन चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू करतात. संशयाचा फायदा येथे रुग्णाला द्यायचा असतो. दुखणे सौम्य किंवा मध्यम असेल तर खाटेवर निजवण्याचीही गरज नाही. अमेरिकेत 831 स्त्रियांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, रुग्णालयात ठेवून उपचार केलेल्यांना आणि घरी राहून औषध घेतलेल्यांना पुढे दिवस राहण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. अर्थात फार ताप, उलट्या, पू साठल्याचा संशय, गरोदरपण, अथवा तीन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काही असले तर रुग्णालयच गाठले पाहिजे.

तेव्हा पिवळ्या पाकिटामागचा विचार सशास्त्र आहे. त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, लक्षणांवर चालणारा दवाखाना लक्षण नसलेल्या बाईपर्यंत पोहोचूच शकत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे झालेल्या आणि 1996 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, धोका अधिक असलेल्या तरुण स्त्रियांना बोलावून क्लॅमिडियाची तपासणी केली, तेव्हा वर्षभरात या दाहाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. म्हणजे प्रयोगशाळेचे खरे काम दाह होण्यापूर्वीचे आहे. दुसरी मर्यादा औषधांची. परम्याचा जंतू मोठा बिलंदर. एकेका औषधाला तो दाद देईनासा होतो. अमेरिकेने परम्याच्या पहिल्या पसंतीच्या औषधांतून सेफिक्झिम 2012 सालीच काढले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली या दाहासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनची शिफारस केली. पाकिटांतील औषधे जंतूंच्या चालीप्रमाणे वेळोवेळी बदलत राहणे हे म्हणूनच अगत्याचे आहे. तिसरी मर्यादा अगदी घरगुती आहे. या तपासणीला एक टेबल, एक पडदा आणि एक परिचारिका लागते. जेथे ती नाहीत तेथे बाईला न तपासताच पाकीट मिळते, आणि मग आंत्रपुच्छाची सूज किंवा नळीतला गर्भ हाती न लागता निसटण्याचा धोका असतो.

परंतु या साऱ्या मर्यादा पैशाने आणि प्रशासनाने दूर होण्याजोग्या आहेत. नवऱ्याचे तसे नाही. बाईने चौदा दिवस नेमाने गोळ्या घेतल्या आणि नवऱ्याने घेतल्या नाहीत, तर पंधराव्या दिवशी जंतू पुन्हा तिच्याकडे येण्याची वाट मोकळीच असते. लुंडच्या आकड्यांकडे पुन्हा पाहावे: आठाचे एकोणीस होतात ते दुसऱ्या फेऱ्याने, आणि नवरा बाहेर बसला तर आपण तो दुसरा फेरा हाताने घरात आणतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. दोघांचे औषध पुरे होईपर्यंत संबंध टाळावा, हा नियम जगातले सर्व दवाखाने सांगतात. तो पाळायला दोघांनीही तो ऐकलेला असावा लागतो. ऐकते ती एकटी बाई, आणि नवऱ्याला नकार देण्याचा अधिकार आपल्या किती घरांत तिला आहे?

ब्रिटनने हा पेच कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. गुप्तरोगांविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल 1916 साली आला आणि त्याच वर्षीच्या नियमांनी तेथे ठिकठिकाणी मोफत व गुप्तता पाळणारे दवाखाने उघडण्याची व्यवस्था झाली. कालांतराने त्या दवाखान्यांत आरोग्य-सल्लागार हे पद रुजले. जोडीदाराला कळविणे हे तेथे दवाखान्याच्या कामाचाच भाग समजतात. बाईने स्वतः सांगावे, चिठ्ठी न्यावी, किंवा तिला ते अवघड असेल तर दवाखान्यानेच तिचे नाव न घेता निरोप धाडावा, असे तीन मार्ग तिच्यापुढे ठेवले जातात. या दाहाच्या बाबतीत मागील सहा महिन्यांतील जोडीदारांना गाठावे, अशी तेथील शिफारस आहे. अमेरिकेत हीच मुदत साठ दिवसांची धरतात. आपल्या दवाखान्यांतही नवऱ्याला बोलावण्याचा नियम आहे. उणीव आहे ती येणाऱ्याची आणि त्याला आणू शकणाऱ्या व्यवस्थेची. दिवसभर दुकानात किंवा कचेरीत असणारा माणूस सकाळच्या रांगेत कसा उभा राहील? ‘स्त्रीरोग विभाग’ अशी पाटी पाहून तो दारातूनच मागे फिरतो, त्याला काय म्हणावे?

दाराचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुरुष डॉक्टरापुढे बाई जात नाही, म्हणून ती उपचारावाचून मरते, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी ओळखले होते. 1886 साली कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांना अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली, ती याच जाणिवेतून. आनंदीबाई पुढच्याच वर्षी गेल्या. पण बाईसाठी दार उघडले पाहिजे हा विचार संस्थानांतून टिकला. स्त्रीला आत आणण्याचे अर्धे काम त्या काळाने केले. पुरुषाला आत आणण्याचे उरलेले अर्धे आपल्या वाट्याला आले आहे.

ते करू पाहणारा एक मराठी माणूस होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि 1927 पासून 1953 मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. गुप्तरोग हे पाप नसून रोग आहेत आणि त्यांविषयी स्त्री-पुरुष दोघांनीही बोलले पाहिजे, असे त्यांचे सांगणे. त्याचे फळ म्हणून नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांचे नाव आपण आज आदराने घेतो. त्यांनी सांगितलेले घरात बोलायला मात्र अजून धजत नाही.

आणि याला खेडे-शहर असा भेद नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली; 1989 साली ‘लॅन्सेट’ने ती प्रसिद्ध केली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या निघाल्या फक्त 8 टक्के. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. गडचिरोलीच्या त्या बायांजवळ दवाखाना नव्हता. आम्हा इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या जुन्या घरांतल्या बायांना दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे; आडवी येते ती घराची अब्रू. सरकारी क्लिनिकमध्ये कोणी ओळखीचे दिसेल म्हणून आपण औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणतो. दुखणे थांबते, रोग थांबत नाही. चौदा दिवसांचे औषध चौथ्या दिवशी सोडणे हा आपल्या सुशिक्षितांचाही रिवाज आहे.

तेव्हा मागणे दोन्हीकडे आहे. शासनाकडे हे की, प्रत्येक क्लिनिकमध्ये पडदा, टेबल व परिचारिका असावी. गरोदरपणाची चाचणी कधी कमी पडू नये. परमा आणि क्लॅमिडिया यांची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी तरी सहज व्हावी. आणि पुरुषांना येता येईल अशी संध्याकाळची वेळ, वेगळ्या दाराने, ठेवावी. आणि आपल्या घरांकडे हे की, सून किंवा लेक ओटीपोट दुखते म्हणाली तर तिसरा दिवस उजाडू देऊ नये, औषध चौदा दिवस पुरे करवावे, आणि तिच्याबरोबर नवऱ्याला आत पाठवावे. यात कोणाचा न्यायनिवाडा नाही. हिवताप घरात शिरला म्हणजे आपण सर्वांनाच मच्छरदाणी लावतो, डास आधी कोणाला चावला याची चौकशी करीत बसत नाही.

त्या सुनेची हकीकत अर्धी राहिली. तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा दाखवायला बोलावले होते. कणकण गेली होती, दुखणे निम्म्यावर आले होते. त्या दिवशी तिच्या सासूबाई, म्हणजे माझी चुलतबहीण, बरोबर आल्या होत्या. मुलगा पुन्हा स्कूटर उभी करून थांबला, तेव्हा ती त्याला एवढेच म्हणाली, “अरे, औषध दोघांचं आहे ना? मग ती एकटी कशाला आत जाईल? चल, मी येते तुझ्याबरोबर.” तो मान खाली घालून आत गेला आणि पाच मिनिटांत करडे पाकीट घेऊन बाहेर आला. कोणी त्याला काही बोलले नव्हते. पाण्याचा पेला मात्र दिला होता, तिथेच गोळ्या घेण्यासाठी.

माझ्या मावशीच्या वेळी हे पाकीट नव्हते, हे खरे. पण ते असते तरी तिच्या घरातून कोणी आत गेले असते काय, असा विचार मनात येतो. पाकीट आता आहे. आत जाण्याचे तेवढे आपल्याकडे आहे.